महाविद्यालयीन बॅकअपचे क्लाउडमधील स्तरबद्ध जतन : सांगली-सातारा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : बॅकअप, ऑब्जेक्ट स्टोरेज, जतन-स्तर, लाइफसायकल नियम, महापूर

प्रस्तावना

कृष्णाकाठच्या सांगली शहरात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे पावसाळ्यातील रोजचे वर्तमान असते. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचली. २०१९ च्या महापुरात सांगलीतील जिल्हा नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजून निकामी झाले. छापील ग्रंथाची दुसरी प्रत निदान अन्य एखाद्या ग्रंथालयात सापडण्याची शक्यता असते. परंतु महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील प्रवेशाच्या नोंदी, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, वेतनाचे हिशेब, मूल्यांकनासाठी वर्षानुवर्षे जमविलेले पुरावे आणि स्कॅन केलेली जुनी दप्तरे यांची दुसरी प्रत त्या वास्तूबाहेर बहुधा कोठेच नसते.

बॅकअप घेतला जात नाही असे नाही. तो घेतला जातो, आणि सर्व्हरच्याच खोलीत, क्वचित त्याच टेबलाच्या खणात ठेवला जातो. अशी प्रत हार्ड डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते. पाणी, आग किंवा चोरी यांच्यापुढे ती मूळ सामग्रीबरोबरच नाहीशी होते. प्रस्तुत लेखात अशा स्थानिक बॅकअपची दीर्घकालीन प्रत क्लाउडमधील ऑब्जेक्ट स्टोरेजच्या निरनिराळ्या स्तरांत कशी ठेवावी याचा विचार केला आहे. या विषयावरील बहुतेक लेखन साठवणुकीच्या स्वस्ताईपासून सुरू होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. कोणता स्तर निवडावा हे सामग्री ठेवण्याच्या भाड्यावरून न ठरविता ती परत आणण्यास लागणाऱ्या काळावरून व खर्चावरून ठरविले पाहिजे.

दोन शहरे, एक खोरे

बॅकअपच्या शास्त्रात 'तीन-दोन-एक' असा एक सर्वमान्य संकेत आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो आपल्या पुस्तकातून रूढ केला. सामग्रीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक प्रत अन्य स्थळी, असा त्याचा आशय आहे. यातील 'अन्य स्थळ' या शब्दांचा अर्थ आपल्या भागात विशेष काळजीने लावावा लागतो.

सांगलीतील महाविद्यालयाने आपली डिस्क साताऱ्यातील एखाद्या मित्रसंस्थेत आणि साताऱ्यातील महाविद्यालयाने आपली डिस्क सांगलीत ठेवावी, ही कल्पना सहज सुचणारी आहे आणि ती त्याज्य नाही. दोन्ही शहरांत रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतर आहे; अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे सातारा शहर सांगलीप्रमाणे पाण्याखाली जात नाही. तथापि दोन्ही जिल्हे एकाच खोऱ्यात आहेत. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणारा पाऊस आणि कोयना धरणातून सुटणारे पाणी कऱ्हाडच्या संगमावरून सांगलीकडेच येते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा वर घाटांत दरडी कोसळत होत्या आणि खाली पूर येत होता. म्हणजे ज्या आठवड्यात सांगलीला साताऱ्यातील डिस्कची गरज भासेल, नेमक्या त्याच आठवड्यात वीज, रस्ते व दूरसंचार यांची दोन्हीकडे ओढाताण असेल. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही विसरून चालणार नाही. परस्परांकडे ठेवलेली प्रत ही दुसरी प्रत म्हणून उत्तम आहे. तिसरी प्रत मात्र खोऱ्याच्या बाहेर हवी.

सामग्री दूर नेऊन सुरक्षित करण्याचा विचार या भूमीला नवा नाही. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात उभारलेल्या ऐतिहासिक संग्रहालयातील कागदपत्रे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेली. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर त्यांतच होते. अर्थात ते स्थलांतर होते, प्रत नव्हे. संगणकीय सामग्रीचे भाग्य हे की ती मूळ जागी राहूनही दूर जाऊ शकते.

ऑब्जेक्ट स्टोरेजचे स्वरूप

आपल्या संगणकातील फाइल व्यवस्था ही कपाटासारखी असते : फोल्डरमध्ये फोल्डर आणि त्यात फाइल. फाइल उघडावी, मधला एक परिच्छेद बदलावा, पुन्हा बंद करावी. ऑब्जेक्ट स्टोरेजची रीत रेल्वेच्या सामानघराशी अधिक जुळते. गाठोडे द्यावे, पावती घ्यावी आणि पावती दाखवून तेच गाठोडे संपूर्ण परत घ्यावे. आतील एक कपडा बदलायचा असेल तर नवे गाठोडे बांधावे लागते. या गाठोड्यास 'ऑब्जेक्ट', पावतीवरील क्रमांकास 'की' आणि सामानघराच्या खोलीस 'बकेट' म्हणतात.

अॅमेझॉनने ही सेवा मार्च २००६ मध्ये 'एस-थ्री' या नावाने सुरू केली. तिचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबाद केंद्र २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ पासून पुणे, मुंबई व चेन्नई येथे आहेत. गूगलची मुंबई व दिल्ली येथे. (हैदराबादची मुसी नदीही अखेर कृष्णेलाच मिळते, हा एक योगायोग, परंतु सांगलीच्या पुराचा तिच्याशी संबंध नाही.) एस-थ्रीच्या मुख्य स्तरांत प्रत्येक ऑब्जेक्ट एकाच प्रदेशातील निदान तीन स्वतंत्र केंद्रसमूहांत ठेवला जातो आणि तो टिकण्याची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के इतकी सांगितली जाते.

या अकरा नवांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. यंत्र बिघडून सामग्री नष्ट होणार नाही, एवढेच हा आकडा सांगतो. अधिकृत खात्यातून 'पुसून टाका' अशी आज्ञा गेली, तर ती आज्ञा तितक्याच विश्वासार्हपणे पाळली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील महासंगणकाची सुमारे ७७ टेराबाइट सामग्री बॅकअप यंत्रणेच्याच एका सदोष आज्ञावलीने पुसली. तसेच 'क्लाउड' म्हणजे आपोआप अनेक प्रती असाही समज नसावा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे एक केंद्र जळाले, तेव्हा ज्या ग्राहकांची मूळ सामग्री आणि बॅकअप दोन्ही तेथेच होती, त्यांनी दोन्ही गमावली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी केंद्रास लागलेल्या आगीत शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट सामग्री गेली. तिची बाहेर प्रतच नव्हती.

स्तर आणि त्यांच्या अटी

सर्व ऑब्जेक्ट सारख्या वेळा लागत नाहीत, या साध्या निरीक्षणावर स्तरांची कल्पना आधारलेली आहे. चालू सत्राचे गुण उद्या लागतील. २०१२ च्या प्रवेशअर्जांचे स्कॅन कदाचित कधीच लागणार नाहीत, पण लागले तर न्यायालयाच्या किंवा विद्यापीठाच्या पत्रासह लागतील.

एस-थ्रीचा 'स्टँडर्ड' हा उष्ण स्तर आहे : भाडे अधिक, पण काढण्याचे वेगळे शुल्क नाही. 'इन्फ्रिक्वेंट अॅक्सेस' या स्तराचे भाडे त्याच्या सुमारे निम्मे असते, परंतु सामग्री काढताना प्रत्येक गिगाबाइटमागे शुल्क पडते आणि किमान तीस दिवसांचे भाडे द्यावेच लागते. त्याखाली 'ग्लेशियर' नावाचे शीत स्तर आहेत. त्यांतील 'इन्स्टंट रिट्रीव्हल' या स्तरातून सामग्री तत्काळ मिळते. 'फ्लेक्सिबल रिट्रीव्हल' या स्तरास नेहमीच्या मागणीत तीन ते पाच तास लागतात. या दोहोंसाठी किमान मुदत नव्वद दिवसांची आहे. सर्वांत खालचा 'डीप आर्काइव्ह' : नेहमीच्या मागणीस बारा तासांपर्यंत, स्वस्त घाऊक मागणीस अठ्ठेचाळीस तासांपर्यंत, आणि किमान मुदत एकशे ऐंशी दिवस. मायक्रोसॉफ्टच्या 'आर्काइव्ह' स्तराचीही किमान मुदत तेवढीच असून सामग्री जागी होण्यास पंधरा तासांपर्यंत अवधी लागू शकतो. गूगलचा 'आर्काइव्ह' स्तर क्षणात उघडतो, मात्र त्याची किमान मुदत ३६५ दिवसांची आहे.

खर्चाचे गणित

येथे अॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्राचे दर उदाहरणादाखल घेतले आहेत. मुंबईचे दर निराळे आहेत आणि सर्वच दर बदलत असतात. गणिताची दिशा मात्र बदलत नाही. स्टँडर्डचे मासिक भाडे गिगाबाइटमागे ०.०२३ डॉलर, तर डीप आर्काइव्हचे ०.०००९९ डॉलर. तेवीस पटींचा हा फरक पाहून सर्व सामग्री तळाच्या स्तरात टाकण्याचा मोह होतो. त्या मोहाला तीन ठिकाणी दंड पडतो.

पहिला दंड लहान फाइलींचा. समजा, ग्रंथालयाने जुन्या हस्तलिखितांची दहा लक्ष पाने स्कॅन केली असून प्रत्येक पान दोनशे किलोबाइटचे आहे. एकूण आकार फक्त दोनशे गिगाबाइट; त्याचे डीप आर्काइव्हमधील मासिक भाडे वीस सेंटही होत नाही. परंतु त्या स्तरात सामग्री नेण्याचे शुल्क आकारावर नसून नगावर आहे : हजार ऑब्जेक्टमागे पाच सेंट. दहा लक्ष नगांचे पन्नास डॉलर झाले, म्हणजे एकवीस वर्षांचे भाडे एका रात्रीत. त्याखेरीज प्रत्येक नगामागे सुमारे चाळीस किलोबाइटची नोंद वेगळी आकारली जाते. तीच पाने हस्तलिखितवार बांधून हजार गाठोडी केली, तर शुल्क पाच सेंट पडते. बांधणी हा येथे सोयीचा प्रश्न नसून खर्चाचा मुख्य मुद्दा आहे.

दुसरा दंड घाईने पुसण्याचा. दर आठवड्यास पूर्ण बॅकअप घ्यावा आणि चार आठवड्यांनी जुना पुसावा, ही पद्धत स्थानिक डिस्कवर योग्य आहे. तीच डीप आर्काइव्हमध्ये राबविली तर अठ्ठावीस दिवस ठेवलेल्या प्रत्येक प्रतीचे एकशे ऐंशी दिवसांचे भाडे भरावे लागते, म्हणजे सहापटीहून अधिक. साप्ताहिक प्रती उष्ण स्तरात आणि केवळ मासिक किंवा सत्रान्त प्रती शीत स्तरात, हे विभाजन म्हणूनच आवश्यक आहे.

तिसरा दंड परत आणण्याचा, आणि तोच सर्वांत मोठा. सामग्री वर चढविण्यास वाहतूक शुल्क नाही. खाली आणण्यास आहे. दोन टेराबाइटचे डीप आर्काइव्हमधील भाडे महिन्याला सुमारे दोन डॉलर. ते संपूर्ण महाजालावरून परत आणायचे तर महिन्याला मोफत मिळणारे शंभर गिगाबाइट वगळून, गिगाबाइटमागे नऊ सेंट दराने सुमारे १७१ डॉलर केवळ वाहतुकीचे होतात. हे सात वर्षांच्या भाड्याइतके आहे. ज्या संस्थेने फक्त भाड्याची तरतूद केली आहे, तिला हे देयक पूर ओसरल्यानंतरच्या महिन्यात, जनित्र व फर्निचर यांच्या देयकांबरोबर हाती पडेल.

काळाचा हिशेबही असाच करावा. वीस मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवर दोन टेराबाइटला, जोडणी अखंड राहिल्यास, सव्वानऊ दिवस लागतात. अठ्ठेचाळीस तासांची प्रतीक्षा त्यापुढे किरकोळ ठरते. यावरून निघणारा निर्णय असा की चालू सत्राची लहान, आवश्यक सामग्री (बहुधा ती काही गिगाबाइटचीच असते) उष्ण स्तरात वेगळी ठेवावी. पूर ओसरल्यानंतर अन्य शहरातील एखाद्या संगणकावर ती तासाभरात उतरविता आली पाहिजे. उरलेला मोठा साठा सवडीने आला तरी चालतो.

साखळीचा धोका

एका तांत्रिक बाबीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण विक्रेत्यांच्या पत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. आधुनिक बॅकअप आज्ञावली दर वेळी पूर्ण प्रत घेत नाहीत. पहिली प्रत पूर्ण आणि पुढच्या केवळ बदलांच्या, अशी साखळी असते. काही आज्ञावली तर सामग्रीचे लहान तुकडे करून समान तुकडा एकदाच ठेवतात आणि कोणता तुकडा कोठे आहे याची सूची सतत वाचतात. अशा साठ्यावर 'नव्वद दिवसांनी शीत स्तरात न्यावे' असा सरधोपट नियम लावला, तर सर्वांत जुने म्हणून मूळ पूर्ण प्रतीचे तुकडे प्रथम गोठतात. पुढील सर्व प्रती त्यांच्यावरच अवलंबून असल्याने कालचा बॅकअपही बारा तासांची वाट पाहिल्याशिवाय उघडत नाही. सूची गोठल्यास आज्ञावली मुळीच चालत नाही. तो नियम पुसण्याचा असेल, तर साखळीचा पायाच जातो.

म्हणून दोन वेगळ्या बकेट असाव्यात. एकीत आज्ञावलीचा चालू साठा कायम उष्ण स्तरात ठेवावा. दुसरीत मासिक व सत्रान्त पूर्ण प्रती, स्वतःपुरत्या संपूर्ण अशा, बांधून टाकाव्यात आणि लाइफसायकल नियम फक्त तिलाच लावावा.

उभारणीचा क्रम

प्रथम सामग्रीची यादी करावी : कोणती सामग्री, किती आकाराची, किती वर्षे ठेवणे बंधनकारक, आणि गेल्यास किती दिवसांत परत हवी. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर संगणक विभागाने देऊ नये. प्राचार्य, कुलसचिव किंवा कार्यालयीन अधीक्षक यांनी द्यावे.

खाते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ई-मेल पत्त्यावर उघडावे. एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या वैयक्तिक कार्डावर चालणारे खाते त्याच्या बदलीबरोबर पोरके होते. देयक थकल्यास खाते प्रथम स्थगित व पुढे बंद होते आणि बंद खात्यातील सामग्री कायमची जाते. आपली खरेदीपद्धती तीन दरपत्रके मागवून एकदाच वस्तू घेण्यासाठी घडलेली आहे. दरमहा बदलणारे देयक तिच्यात बसविण्यास अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष लागते. तांत्रिक उभारणीपेक्षा हेच काम अधिक चिकाटीचे आहे.

मासिक प्रत बांधताना ती संस्थेच्याच संगणकावर कूटबद्ध करावी, तिचा शा-२५६ पडताळा काढावा आणि मगच ती चढवावी. प्रत्येक गाठोड्यात काय आहे याची सूची व पडताळे उष्ण स्तरात आणि शिवाय कागदावर ठेवावेत. सूचीच शीत स्तरात असल्यास कोणते गाठोडे मागवावे हेच कळत नाही. मोठी फाइल तुकड्यांनी चढते. मधेच वीज गेल्यास अर्धे तुकडे बकेटमध्ये अदृश्यपणे राहतात व त्यांचेही भाडे पडते. ते सात दिवसांनी काढून टाकण्याचा नियम आरंभीच घालावा. आपल्याकडील भारनियमन लक्षात घेता हा नियम ऐच्छिक समजू नये.

कुलूप व किल्ली

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील अनेक सेवा दीर्घकाळ हाताने चालवाव्या लागल्या. खंडणीखोर आज्ञावली सर्व्हरवर आल्यावर प्रथम बॅकअपचा शोध घेतात. त्यामुळे सर्व्हरवरील खात्यास बकेटमध्ये केवळ टाकण्याचा अधिकार असावा, पुसण्याचा नसावा. त्याहून पुढे जाऊन 'ऑब्जेक्ट लॉक' ही सोय वापरता येते. तिच्या 'गव्हर्नन्स' प्रकारात विशेष अधिकाऱ्यास कुलूप काढता येते. 'कम्प्लायन्स' प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याच्या मुख्य धारकासही ते काढता येत नाही. दुसरा प्रकार आकर्षक असला तरी विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीस तो दहा वर्षांसाठी लावणे धोक्याचे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात प्रयोजन संपल्यावर माहिती पुसण्याचे कर्तव्य आहे आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. गव्हर्नन्स प्रकार आणि बेताची मुदत हा मार्ग महाविद्यालयांस अधिक योग्य वाटतो.

कूटबद्धतेची किल्ली हरवल्यास क्लाउडमधील प्रत शाबूत असूनही निरुपयोगी होते. ती किल्ली ज्या सर्व्हरवर आहे तोच बुडाला, तर काय ? येथे सांगली-साताऱ्यातील देवाणघेवाण पुन्हा उपयोगी पडते. छापील स्वरूपातील किल्ली मोहोरबंद पाकिटात परस्परांच्या तिजोरीत ठेवावी. पाकिटास वीज लागत नाही आणि जोडणीही लागत नाही.

परत आणण्याचा सराव

लाइफसायकल नियम एकदा घातले की यंत्रणा शांतपणे चालू राहते, आणि हीच तिची अडचण आहे. परत न आणलेला बॅकअप हा केवळ समज असतो. वर्षातून निदान एकदा, शक्यतो मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी आणि परीक्षांची गर्दी सरल्यावर, शीत स्तरातील एखादे गाठोडे घाऊक दराने मागवावे. मागणीनंतर त्याची तात्पुरती प्रत ठरावीक दिवसांसाठी उघडते. तेवढ्या मुदतीत ती उतरवून घ्यावी, पडताळा जुळवावा, साताऱ्याच्या पाकिटातील किल्लीने ती उघडावी आणि आतील एक गुणपत्रक मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे. हा सराव यंत्रणा उभारणाऱ्या व्यक्तीने न करता, लेखी सूचना वाचून कार्यालयातील अन्य कोणी करावा. लागलेले तास, आलेले देयक आणि अडलेल्या जागा यांची नोंद त्याच सूचनांच्या मागे करावी. पुढील वर्षी स्तरांची मुदत बदलायची की नाही, हे त्या नोंदीवरून ठरविता येते.